चेहरा भाजल्यास काय करावे? आधी श्वास, मग डोळे, मग कातडी

गाळप हंगामात पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंबच्या आसपास उसाने भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक जाताना दिसतात. दोन ट्रॉल्या ओढून इंजिन तापते. चालक गाडी कडेला घेतो आणि पाणी ओतण्यासाठी रेडिएटरचे झाकण फिरवतो. आतले पाणी दाबाखाली असते आणि शंभर अंशांच्या वर गेलेले असू शकते. झाकण सैल होताच वाफ आणि उकळते पाणी उसळून वर येते. वर असतो तो वाकून पाहणाऱ्याचा चेहरा.

अशा वेळी भोवती जमलेली माणसे दोन गोष्टी करतात. एकजण टूथपेस्ट आणायला धावतो आणि दुसरा म्हणतो, "डाग राहणार बघा." टूथपेस्ट लावूच नये. डागाचा प्रश्न खरा आहे, पण पहिल्या काही तासांत त्याचा क्रमांक तिसरा लागतो. त्याआधी श्वास चालू राहतो का आणि डोळे वाचतात का, हे पाहावे लागते. चेहऱ्याच्या भाजण्यावरचे सगळे उपचार याच क्रमाने होतात. हा क्रम घरच्यांना माहीत असेल तर पहिला तास वाया जात नाही.

भाजणे, पोळणे, होरपळणे

मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते उपयोगी आहेत. वाफेने किंवा उकळत्या पाण्याने आपण पोळतो, तव्याचा चटका बसतो, ज्वाळेने होरपळतो. डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतात, की नेमके कशाने भाजले? कारण इजेची खोली त्यावर ठरते. पाणी ओघळून जाते. गुऱ्हाळातल्या काहिलीतला उकळता रस मात्र पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि घट्ट असल्यामुळे कातडीला चिकटून राहतो. तेलाचेही तसेच. हुरड्याच्या आगटीवर किंवा चुलीत कुणी पेट्रोल-रॉकेल ओतले, तर भडका क्षणाचाच असतो, पण त्यात भुवया, पापण्या आणि पुढचे केस जातात. त्याच क्षणी माणसाने दचकून श्वास आत घेतलेला असेल, तर गरम हवा घशापर्यंत पोहोचते.

डीपीवर फ्यूज टाकताना किंवा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर लावताना उडणारी ठिणगी हा आणखी वेगळा प्रकार. नुसत्या झळेने चेहरा काळवंडला असेल, तर बऱ्याचदा जखम वरवरची निघते. वीज अंगातून गेली असेल, तर मात्र चेहऱ्यावर थोडेच दिसले तरी हृदयाचा आलेख काढायलाच हवा. आतले नुकसान बाहेरून कळत नाही.

पहिली २० मिनिटे

कपड्यांनी पेट घेतला असेल तर माणूस पळतो, आणि उभे राहून पळणे चेहऱ्यासाठी सर्वात वाईट. ज्वाळा नेहमी वर चढते. उभ्या माणसाच्या अंगावरचा जाळ मान, हनुवटी, नाक असा वर येतो. त्याला आधी आडवे पाडा, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून जाळ विझवा. सोलापुरी चादर त्या कामाला उत्तम. नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरचे पांघरूण टाकू नका, ते वितळून चिकटते.

जाळ विझला, की पाणी. साधे, नळाच्या किंवा माठाच्या तापमानाचे, वाहते पाणी २० मिनिटे. जाळ विझला तरी कातडीच्या आत उष्णता शिल्लक राहते आणि खालच्या थरांना भाजत राहते. पाणी ती काढून घेते. वेदना कमी होते हा दुसरा फायदा. उशीर झाला तरी भाजल्यापासून सुमारे ३ तासांपर्यंत पाणी लावण्याचा उपयोग होतो. "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नये.

माढा तालुक्यात उन्हाळ्यात २० मिनिटे नळ चालू ठेवा म्हणणे म्हणजे थट्टाच, हे मान्य. पण हिशेब करून पाहा. चेहऱ्यावर बारीक धार धरायला मिनिटाला एक लिटर पाणी पुरते. म्हणजे दुकानात-हॉटेलात असतो तो २० लिटरचा एक जार. तांब्याने हळूहळू ओतत राहायचे. धार धरणे जमत नसेल, तर स्वच्छ सुती फडके ओले करून चेहऱ्यावर ठेवा आणि ते कोमट होण्याआधी, दर मिनिटाला, बदला. नाक-तोंड झाकू नका. बर्फ मात्र नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम आणखी खोल जाते. लहान मूल असेल तर फक्त चेहऱ्यावर पाणी ओता, बाकी अंग कोरडे आणि उबदार ठेवा. मुले लवकर गारठतात.

याच वेळात कानातले, नथ, चमकी, गळ्यातली साखळी काढून घ्या. तासाभरात सूज आली, की ती कापून काढावी लागतात. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्याही काढा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस, अंड्याचा बलक, भस्म यांपैकी काहीही लावू नका. आजीच्या उपायांची टिंगल करायची म्हणून हे सांगत नाही. घट्ट लेप उष्णता आत कोंडतो. त्यातून जंतू जखमेत जाऊ शकतात. शिवाय हळदीने पिवळी किंवा शाईने निळी झालेली कातडी पाहून डॉक्टरला खोली ओळखता येत नाही. मग तो लेप खरवडून काढावा लागतो आणि तो त्रास भाजण्याइतकाच असतो. फोड आले असतील तर ते घरी फोडू नका.

श्वास: बोलत असलेला माणूसही धोक्यात असू शकतो

आता सर्वात महत्त्वाचे. चेहऱ्यासोबत घसा भाजला असेल, तर आतली सूज लगेच येत नाही. ती पुढच्या काही तासांत वाढत जाते आणि साधारण पहिला दिवसभर वाढत राहू शकते. श्वासमार्ग अरुंदच असतो. लहान मुलांचा तर फारच. म्हणून दवाखान्यात चालत आलेला, नाव-गाव सांगणारा माणूस चार तासांनी गुदमरू शकतो.

पुढची लक्षणे दिसली तर थांबू नका: आवाज घोगरा झालेला, नाकातले केस जळलेले, ओठ किंवा जीभ सुजलेली, तोंडात काजळी, काळसर थुंकी, गिळताना त्रास, लाळ गळणे, श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज. बंद खोलीत, ट्रकच्या केबिनमध्ये, गोदामात धुरात अडकला असेल, तर चेहऱ्यावर फारशी इजा नसली तरी घसा-फुप्फुसाला इजा झाली असे गृहीत धरावे. वाफही फसवी असते. कोरडी गरम हवा बहुतेक वेळा घशातच थंड होते, वाफ मात्र खाली श्वासनलिकेपर्यंत भाजू शकते.

अशा रुग्णाच्या घशात डॉक्टर लवकर नळी घालतात. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना ते पटत नाही. "चांगले बोलत होते, मग व्हेंटिलेटर कशाला?" म्हणून वाद होतात, कधी सही द्यायला नकार दिला जातो. कारण सरळ आहे. सूज पूर्ण आल्यावर नळी आत जातच नाही आणि मग गळ्याला छेद देण्याची वेळ येते. वाट मोकळी आहे तोवरच नळी घालायची असते. सूज उतरली, श्वासमार्ग तपासून झाला, की ती काढतात.

कोविडनंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जागी चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला त्यातला फरक कळत नाही. आकडा ९८ दिसतो आणि मेंदूला प्राणवायू कमी पडत असतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणे असेल, तर आकडा काहीही दाखवो, मास्कने भरपूर ऑक्सिजन लागतो.

रुग्णाला गाडीत नेताना झोपवू नका, बसवून न्या. दर दहा मिनिटांनी त्याला बोलते करा आणि आवाज बदलतो का ते ऐका. घशाची शंका असेल तर खायला-प्यायला देऊ नका.

डोळे आणि चुना

ज्वाळेत पापण्या आपोआप मिटतात, म्हणून बुबुळ बऱ्याचदा वाचते. पण दोन-चार तासांत पापण्या इतक्या सुजतात, की उघडतच नाहीत. डोळा तपासायचा तो त्याआधी. चेहरा भाजलेल्या प्रत्येकाची डोळ्यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी, असा आग्रह घरच्यांनी धरायला हरकत नाही.

रसायनाची गोष्ट वेगळी. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते. १ टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. कळीचा चुना विझवताना तो रटरटा उकळतो आणि वाकून ढवळणाऱ्याच्या तोंडावर उडतो. म्हणजे उष्णतेनेही भाजते आणि रसायनानेही. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून फोडताना लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडणे हाही नेत्रतज्ज्ञांच्या नेहमीच्या पाहण्यातला अपघात आहे. पुडी खिशातून काढून पोराच्या हातात खेळायला देणारे आपणच असतो.

ॲसिड भयंकर, हे सगळ्यांना ठाऊक असते. डोळ्यासाठी चुना, कॉस्टिक सोडा यांसारखे अल्क त्याहून वाईट ठरतात, हे कमी जणांना माहीत असते. ॲसिडने वरचा थर गोठतो आणि काही प्रमाणात तोच आडोसा होतो. अल्क पेशींमधली चरबी विरघळवत आत जात राहतो. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहिले, तर ते तासन्‌तास काम करत राहतात.

म्हणून जागेवरच धुवा. दवाखान्यात गेल्यावर धुऊ, असे म्हणू नका. अंगावर कोरडी पूड असेल तर ती आधी झटका. डोळ्यात गेले असेल तर थेट पाणी. पापणी बोटांनी उघडी धरून किमान अर्धा तास धार सोडा. दिसणारे कण ओल्या फडक्याच्या टोकाने काढा. डोके भाजलेल्या डोळ्याच्या बाजूला कलते ठेवा, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. शुद्ध पाणी शोधत बसू नका, पिण्याचे पाणी चालते. चुना म्हणून लिंबू आणि ॲसिड म्हणून सोडा, असला हिशेब करू नका. त्यातून नवी उष्णता निर्माण होते. डोळा चोळू देऊ नका.

कुठे न्यायचे

चेहऱ्याची जखम क्षेत्रफळाने लहान असली तरी तज्ज्ञाने पाहावी, हा नियम जगभर पाळला जातो. प्रौढ माणसाचे डोके आणि मान मिळून अंगाच्या सुमारे ९ टक्के भरते, तान्ह्या बाळाचे जवळजवळ १८ टक्के. प्रौढाला जे "थोडे भाजले", तेच बाळाला शिरेतून पाणी द्यावे लागेल इतके असू शकते.

१०८ ला फोन करा. मोडनिंबहून पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. सोलापूर सुमारे तासाभराच्या रस्त्यावर. तिथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सिव्हिल हॉस्पिटल आहे. आवाज बदलला असेल किंवा श्वासाला त्रास असेल, तर मात्र मोठे रुग्णालय गाठण्याच्या नादात वाटेतला डॉक्टर ओलांडू नका. ऑक्सिजन आणि नळीची सोय जिथे सर्वात जवळ असेल, तिथे आधी थांबा. मोठ्या भाजण्यासाठी पुढे पुण्याचे ससून, मुंबईची कस्तुरबा आणि मसीना रुग्णालये, ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर अशी ठिकाणे आहेत.

कातडी किती खोल गेली

आता तिसरा प्रश्न. नुसती लाल झालेली, झोंबणारी, फोड नसलेली कातडी आठवड्याच्या आत बरी होते, डाग राहत नाही. फोड आलेली, खाली गुलाबी-ओली, हात लावताच कळ येणारी जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. त्याहून खोल गेलेली जखम फिकट, ठिपकेदार दिसते आणि कमी दुखते. पूर्ण खोल जखम पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी कडक होते, आणि तिथे दुखतच नाही, कारण मज्जातंतू जळालेले असतात. "आता दुखत नाही, बरे वाटते" हे ऐकून घरचे निश्चिंत होतात, तेव्हा खरे तर काळजी वाढायला हवी.

चेहऱ्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. इथे रक्तपुरवठा भरपूर आणि केसांची मुळे, तेलग्रंथी दाट. नवी कातडी याच मुळांभोवतीच्या पेशींपासून उगवते. त्यामुळे तितकीच खोल जखम पायापेक्षा गालावर लवकर आणि चांगली भरते. म्हणून शल्यचिकित्सक चेहऱ्याच्या बाबतीत घाई करत नाहीत. दहा-बारा दिवस, कधी तीन आठवड्यांपर्यंत वाट पाहतात. हे दुर्लक्ष नव्हे. जी कातडी आपोआप भरणार आहे ती कापून टाकणे, हा चेहऱ्यावर न भरून येणारा तोटा असतो.

या काळात वेदनाशामक औषधे, धनुर्वाताचे इंजेक्शन, रोजची स्वच्छता आणि मलमाचा पातळ थर चालू असतो. चेहरा बऱ्याचदा पट्टी न बांधता उघडाच ठेवतात. दाढी कापतात, भुवया मात्र भादरत नाहीत. सरसकट अँटिबायोटिक देत नाहीत. जंतुसंसर्ग दिसला तर देतात.

घरच्यांच्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे झोपण्याची पद्धत. सूज उतरायला डोके उंच हवे. पण मानही भाजली असेल तर उशी देऊ नका. हनुवटी छातीकडे झुकलेल्या अवस्थेत कातडी भरली, की मान तिथेच आखडते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, दोन्ही गोष्टी साधतात. कान भाजला असेल तर त्या कुशीवर झोपणे बंद. कानाच्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी असतो, दाबाने ती सडू शकते. ओठांभोवती भाजले असेल तर तोंड मोठे उघडण्याचा व्यायाम दुखत असतानाच सुरू करावा लागतो. नाहीतर तोंड इतके आवळते, की भाकरीचा घास जात नाही. पापणी आखडून डोळा पूर्ण मिटेनासा झाला, तर मात्र थांबायचे नसते. बुबुळ कोरडे पडते, म्हणून पापणीवर कातडी लवकर बसवतात.

दुसरीकडची कातडी आणून लावणे

तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जागी रुग्णाचीच कातडी लावतात. चेहऱ्यासाठी ती शक्यतो टाळूवरून किंवा गळ्याच्या हाडावरच्या भागातून घेतात, कारण मांडीच्या कातडीचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही. डोके भादरून वरचा पातळ थर काढला, तरी केस पुन्हा येतात.

खूप मोठ्या भाजण्यात स्वतःची कातडी पुरत नाही. तिथे मृत व्यक्तीने दान केलेली त्वचा तात्पुरते पांघरूण म्हणून वापरतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सुमारे ६ तासांत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतला जातो. रक्तगट जुळावा लागत नाही, चेहऱ्याला हात लावला जात नाही. नेत्रदानाइतकेच हे दान सोपे आहे, पण आपल्याकडे त्याचा अजून फारसा बोलबाला नाही.

तोंडावरची कातडी पुन्हा घडवण्याच्या विद्येचा एक धागा पुण्यातून जातो. इंग्रजी फौजेसोबत असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यात एका देशी कारागीर-वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिकत छापून आली आणि ती वाचून तिथल्या शल्यचिकित्सकांनी ही रीत उचलली. कपाळाच्या कातडीचे नाक आजही याच तत्त्वावर करतात.

डाग, ऊन आणि आरसा

दोन आठवड्यांत भरलेल्या जखमेला सहसा उंच व्रण येत नाही. तीन आठवड्यांहून जास्त लागले, तर व्रण येण्याची शक्यता बरीच असते. तो लगेच दिसत नाही. जखम भरल्यावर दीड-दोन महिन्यांनी जागा लाल, कडक, उंच होऊ लागते आणि खाजते. इथे लोक घाबरतात आणि डॉक्टर बदलतात. व्रण पुढे काही महिने वाढतो, मग हळूहळू मऊ आणि फिका पडतो. त्याला वर्ष ते दोन वर्षे लागतात. या काळात सिलिकॉन जेल, मापाचा दाबाचा मुखवटा आणि दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेलाने दाबून केलेला मसाज उपयोगी पडतो. मुखवटा दिवसरात्र घालायचा असतो. सोलापूरच्या मे महिन्यात ते किती अवघड आहे, हे घालणारालाच कळते.

नव्या कातडीला ऊन सोसत नाही. वर्षभर तरी सनस्क्रीन, रुंद टोपी, उपरणे किंवा स्कार्फ हवा, नाहीतर काळे डाग पक्के होतात. गोरे करणारी आणि डाग घालवणारी मलमे दुकानातून परस्पर आणू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते आणि त्याने कातडी पातळ होते.

आरसा लपवण्याचा मोह सगळ्या घरांना होतो. त्याने रुग्णाला एवढेच कळते, की आपले तोंड पाहण्यासारखे उरले नाही. त्याने मागितल्यावर, जवळच्या माणसाने शेजारी बसून, "सूज आहे, हे असेच राहणार नाही" असे खरे सांगून आरसा द्यावा. भेटायला येणाऱ्यांनी "अरेरे, आता लग्नाचे कसे" हे वाक्य घरी ठेवून यावे. झोप न लागणे, घराबाहेर न पडणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे हे महिनाभरानंतरही चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

खर्च आणि पोलीस

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार आहेत. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. भाजल्याची नोंद रुग्णालय पोलिसांकडे देते. ती नेहमीची पद्धत आहे, तिला घाबरून खोटे कारण सांगू नका. खोट्या कारणाने उपचारही चुकतात. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत.

कुणी ॲसिड फेकले असेल, तर कायदा आणखी स्पष्ट आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार देणे बंधनकारक आहे आणि नकार देणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान ३ लाख रुपये भरपाई ठरवून दिली. राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिडहल्ल्यातील पीडितांचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही मिळू शकते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. मूल वाढते, व्रण त्याच वेगाने वाढत नाही. पाचव्या वर्षी ठीक दिसणारी पापणी किंवा ओठाचा कोपरा दहाव्या वर्षी ओढला जाऊ शकतो. म्हणून जखम भरली तरी वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा प्लास्टिक सर्जनला दाखवत राहा, आणि पहिल्या दिवसापासूनचे कागद व फोटो एका पिशवीत जपून ठेवा.